कामाचा परवाना आणि मालकाचे दप्तर : अमेरिकेतल्या एका फॉर्मचा इतिहास



मध्यंतरी एका रात्री अमेरिकेतून फोन आला. मुलगा यवतमाळकडचा. आई अंगणवाडीत मदतनीस, वडील शेतमजूर. राहते घर गहाण टाकून, बँकेचे कर्ज काढून तो तिकडे इंजिनिअरिंगच्या पुढच्या शिक्षणासाठी गेला. पास झाला, नोकरीला लागला. आवाज पडलेला होता.

"सर, सोमवारपासून येऊ नको म्हणालेत. कार्डाची तारीख संपली. पुढच्या मुदतीचा अर्ज मी वेळेत केलाय, पण नवीन कार्ड अजून आलं नाही."

आणि थोडे थांबून म्हणाला, "सर, माझंच काहीतरी चुकलं असेल ना?"

त्याचे काय चुकले होते, ते शेवटी सांगतो. पण हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. कागदात काहीही गडबड झाली की आपल्या पोराला पहिली शंका स्वतःवरच का येते? पिढ्यान्‌पिढ्या आपण दुसऱ्याच्या दप्तरातली नोंद म्हणून जगलो. दप्तर लिहिणारा चुकू शकतो, हे आपल्या मनात पटकन येतच नाही. म्हणून त्या कार्डाचा आणि ते कार्ड ज्या फॉर्मवर नोंदले जाते त्या फॉर्मचा इतिहास आपण समजून घेतला पाहिजे. आज आपली शेकडो मुले-मुली परदेशात शिकायला जात आहेत. त्यांना सी.व्ही. कसा लिहायचा हे शिकवणारे पुष्कळ आहेत. हा इतिहास कोणी सांगत नाही.

फॉर्म आहे तरी काय?

अमेरिकेत कोणालाही नोकरीवर घेतले की एक फॉर्म भरावा लागतो. त्याचे नाव आय-९. पहिला भाग कामगाराने कामाच्या पहिल्या दिवसापर्यंत भरायचा. दुसरा भाग मालकाने, कामाच्या तीन दिवसांच्या आत, कागदपत्रे पाहून भरायचा. कागदपत्रांच्या तीन याद्या आहेत. 'अ' यादीतला एक कागद पुरतो, कारण तो ओळखही सांगतो आणि कामाचा हक्कही. तो नसेल तर 'ब' यादीतला ओळखीचा एक आणि 'क' यादीतला कामाच्या हक्काचा एक, असे दोन द्यायचे. कोणता कागद द्यायचा हे कामगाराने ठरवायचे असते, मालकाने नव्हे. फॉर्म सरकारकडे जात नाही. तो मालकाच्या दप्तरात राहतो. नोकरी लागल्यापासून तीन वर्षे किंवा नोकरी सुटल्यापासून एक वर्ष, यातली जी तारीख नंतर येईल तिथपर्यंत तो जपून ठेवावा लागतो. सरकारी तपासनीस आला की दाखवावा लागतो.

ज्याच्या कामाच्या परवान्याला मुदत आहे, त्याची नोंद ती मुदत संपायच्या आत अद्ययावत करावी लागते. ती झाली नाही तर मालक त्याला कामावर ठेवू शकत नाही.

वरवर पाहिले तर हे साधे कारकुनी काम वाटते. पण बाबासाहेबांनी आपल्याला एक शिकवले आहे. नियम कसा लिहिला आहे एवढे पाहून भागत नाही. तो कोणावर पडतो आणि कोणाला सोडून देतो, हेही पाहावे लागते.

गोरा साक्षीदार आणा

१८६९ मध्ये अमेरिकेचे पूर्व आणि पश्चिम टोक जोडणारी रेल्वे पूर्ण झाली. पश्चिमेकडच्या बाजूने डोंगर फोडण्याचे काम हजारो चिनी मजुरांनी केले. काम संपले आणि हेच मजूर गोऱ्या कामगारांच्या पोटावर पाय देतात अशी ओरड सुरू झाली. १८८२ मध्ये चिनी मजुरांना देशात येण्यास बंदी करणारा कायदा झाला. दहा वर्षांनी, १८९२ मध्ये, गियरी कायदा आला. देशात आधीपासून राहणाऱ्या प्रत्येक चिनी मजुराने वर्षभरात सरकारकडून रहिवासाचे प्रमाणपत्र घ्यायचे. प्रमाणपत्राशिवाय सापडला तर अटक आणि देशाबाहेर हकालपट्टी. काही कारणाने प्रमाणपत्र घेता आले नाही असे त्याचे म्हणणे असेल, तर ते सिद्ध करायला किमान एक विश्वासार्ह गोरा साक्षीदार आणायचा. म्हणजे चिनी माणसाची साक्ष तिथे चालणार नव्हती.

ज्यांच्या शब्दाला पंचायतीत किंमत नव्हती, त्यांच्या वारसांना ही तरतूद वेगळी समजावून सांगायची गरज नाही.

चिनी समाज मात्र गप्प बसला नाही. सॅन फ्रान्सिस्कोतल्या त्यांच्या संघटनांनी आवाहन केले की नोंदणी करू नका. बहुसंख्य मजुरांनी खरोखरच केली नाही. अमेरिकेच्या इतिहासातल्या मोठ्या सविनय कायदेभंगांपैकी हा एक. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. मे १८९३ मध्ये न्यायालयाने कायदा वैध ठरवला. तिघांपैकी एका याचिकाकर्त्याने साक्षीदार आणला होता, पण तो चिनी होता. त्यावर तो हरला. संसदेने नंतर सहा महिन्यांची मुदत वाढवून दिली, प्रमाणपत्रावर फोटो सक्तीचा केला, आणि लोकांना नोंदणी करावी लागली. चिनी-बंदीचे हे कायदे रद्द व्हायला १९४३ उजाडले, तेही महायुद्धात चीन मित्रराष्ट्र होता म्हणून.

अमेरिकेत कष्टकऱ्याने खिशात कागद बाळगण्याची सक्ती अशी आली. ती सगळ्यांसाठी आली नाही, एका वंशासाठी आली.

१९१३ साली दोघे आले

१९१३ साली भारतातून दोन तरुण अमेरिकेत उतरले. एक जुलैमध्ये न्यूयॉर्कला, बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकायला. ते आपले बाबासाहेब. दुसरे पंजाबातले भगतसिंग थिंड, पश्चिम किनाऱ्यावर. थिंड पुढे अमेरिकी सैन्यात भरती झाले आणि त्यांनी नागरिकत्वासाठी अर्ज केला. तेव्हाच्या कायद्याने नागरिकत्व 'मुक्त गोऱ्या' माणसांना आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांना मिळत होते. मग थिंड यांच्या बाजूने युक्तिवाद काय झाला? वंशाची अट अन्यायाची आहे, असा नाही. हा माणूस उच्च जातीचा हिंदू आहे, आर्य आहे, म्हणून गोराच आहे, असा. (थिंड शीख होते. तेव्हा अमेरिकेत सगळ्याच भारतीयांना 'हिंदू' म्हणत.) जसा अमेरिकेतला गोरा माणूस काळ्या माणसाशी लग्नसंबंध टाळतो, तसा उच्चवर्णीय इथल्या मूळनिवासींशी टाळतो, हे शुद्ध रक्ताचा पुरावा म्हणून न्यायालयापुढे ठेवले गेले.

आता तारखा पाहा. मे १९१६ मध्ये बाबासाहेबांनी कोलंबियात भारतातील जातींवरचा आपला निबंध वाचला. जातीचे मूळ जातीअंतर्गत विवाहात आहे, हे त्यांनी तिथे दाखवून दिले. ज्या गोष्टीला त्यांनी रोग म्हटले, तीच गोष्ट पुढच्या सात वर्षांत त्याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयात पात्रतेचे प्रमाणपत्र म्हणून हजर झाली.

फेब्रुवारी १९२३ मध्ये न्यायालयाने एकमताने निकाल दिला : तुम्ही आर्य असाल, पण सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे तुम्ही गोरे नाही. त्यानंतर ज्या भारतीयांना आधी नागरिकत्व मिळाले होते, त्यांच्यातल्या अनेकांचे ते काढून घेण्यात आले. परक्या देशात जात काही कामी आली नाही. पण दार उघडावे म्हणून पहिला हात तिच्याकडेच गेला, हे विसरू नका. आजही अमेरिकेत गोऱ्यांच्या वंशभेदाविरुद्ध बोलणारे काही आपले देशबांधव जातीचा विषय निघाला की गप्प होतात किंवा चिडतात. त्या सवयीला शंभर वर्षांचा इतिहास आहे.

मजूर हवा, माणूस नको

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला शेतावर हात कमी पडले. ऑगस्ट १९४२ मध्ये मेक्सिकोशी करार झाला आणि 'ब्रासेरो' योजना सुरू झाली. स्पॅनिशमध्ये 'ब्रासो' म्हणजे बाहू. म्हणजे नावातच फक्त हात होते, माणूस नव्हता. १९६४ पर्यंत या योजनेत ४५ लाखांहून अधिक करार झाले. मजुराचा करार ठरावीक कामापुरता, ठरावीक मालकाशी. काम आवडले नाही, मजुरी बुडवली, तर दुसरीकडे जायची मुभा नाही. गेलात की बेकायदा. सुरुवातीच्या वर्षांत मजुरीतले १० टक्के कापून बचत म्हणून ठेवले जात होते. घरी गेल्यावर मिळतील असे सांगितले होते. पुष्कळांना ते कधीच मिळाले नाहीत. त्या पैशासाठी म्हातारे झालेले ब्रासेरो आणि त्यांची मुले एकविसाव्या शतकात आंदोलने करत होती.

दुसरीकडे, कागदाशिवाय येणारे मजूरही मालकांना हवेच होते, कारण ते अधिक स्वस्त आणि अधिक घाबरलेले. १९५२ च्या कायद्याने कागद नसलेल्या माणसाला आसरा देणे गुन्हा ठरवले. पण त्याच कायद्यात एक वाक्य घातले गेले : त्याला नोकरीवर ठेवणे म्हणजे आसरा देणे नव्हे. टेक्सासच्या शेतमालकांच्या दबावाने आलेले हे वाक्य 'टेक्सास प्रोव्हिजो' म्हणून ओळखले जाते. म्हणजे उपाशी माणसाला घरात लपवून भाकरी दिली तर गुन्हेगार, आणि त्यालाच शेतात राबवून घेतले तर निर्दोष. ही सोय थोडीथोडकी नाही, चौतीस वर्षे चालली.

१९८६ : सगळ्यांसाठी एकच फॉर्म

६ नोव्हेंबर १९८६ रोजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी नव्या कायद्यावर सही केली. आय-९ फॉर्म याच कायद्यातून आला. या कायद्याची चांगली बाजू प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. १९८२ च्या आधीपासून देशात राहणारे आणि शेतावर काम केलेले मिळून सुमारे २७ लाख लोक त्यामुळे कायदेशीर झाले. पहिल्यांदाच जाणूनबुजून बेकायदा कामगार ठेवणाऱ्या मालकाला दंड आला. आणि फॉर्म सर्वांसाठी होता. गोरा असो, काळा असो, सात पिढ्या तिथलाच असो, प्रत्येकाने भरायचा. गोरा साक्षीदार मागणाऱ्या १८९२ च्या कायद्यापेक्षा हे खूप पुढचे पाऊल होते.

योगायोग असा की त्याच १९८६ साली दक्षिण आफ्रिकेतले पासचे कायदे रद्द झाले. तिथे काळ्या माणसाला पासबुक बाळगावे लागे आणि त्यात मालकाला दर महिन्याला सही करावी लागे. सही नसेल तर शहरात राहण्याचा हक्कच संपे. याच पासविरुद्ध १९६० मध्ये शार्पव्हिलला लोक निघाले आणि पोलिसांच्या गोळ्यांनी ६९ जण मेले. आय-९ आणि पासबुक एकच आहेत असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे शार्पव्हिलच्या शहिदांचा अपमान होईल. पण जगण्याच्या हक्काची नोंद मालकाच्या लेखणीतून जाते, तेव्हा काय होऊ शकते, याचे टोक तिथे दिसते.

मग अमेरिकेच्या कायद्यात दोष कुठे राहिला? तीन ठिकाणी.

पहिला, मालकाला सुटायला वाट ठेवली. कागद खरा 'दिसला' की त्याची जबाबदारी संपली. 'जाणूनबुजून' हा शब्द सिद्ध करणे अवघड. शिवाय मधे ठेकेदार घातला की फॉर्म ठेकेदाराच्या दप्तरात. आपल्याकडे नगरपालिकेच्या सफाई कामात हेच चालते. गटारात माणूस मेला की पालिका म्हणते, तो आमच्या हजेरीपटावर नव्हताच.

दुसरा, दंडाच्या भीतीने मालक 'परके दिसणाऱ्या' माणसांनाच टाळू लागले, किंवा त्यांच्याकडेच जास्तीचे कागद मागू लागले. असे होईल हा अंदाज असल्याने कायद्यातच भेदभावबंदीचे कलम घातले होते. तरीही १९९० मध्ये अमेरिकी संसदेच्याच लेखापरीक्षण संस्थेने अहवाल दिला की या कायद्यामुळे व्यापक भेदभाव सुरू झाला आहे. सुमारे १० टक्के मालकांनी नव्याने राष्ट्रीय मूळ पाहून भेदभाव करायला सुरुवात केली. फॉर्म सारखाच होता, तो हातात घेणारे मन सारखे नव्हते. ज्या कामगार महासंघाने १९८६ मध्ये मालकांवरच्या या दंडाला पाठिंबा दिला होता, त्यानेच २००० मध्ये भूमिका बदलून ही पद्धत रद्द करा अशी मागणी केली.

तिसरा दोष सर्वात खोल आहे. फॉर्म सगळ्यांसाठी एक, पण मुदत संपण्याची तारीख सगळ्यांना नाही. नागरिकाची नोंद एकदा झाली की कायमची. ग्रीनकार्ड दाखवणाऱ्याची पुन्हा तपासणी करायची नसते. त्याखाली एच-१बी वाला, तीन-तीन वर्षांच्या मुदतीवर आणि एका मालकाला बांधलेला. त्याखाली शिक्षण संपवून वर्षभराच्या परवान्यावर काम करणारा विद्यार्थी. त्याखाली हंगामी शेतमजूर. आणि सगळ्यात तळाशी, ज्याच्याकडे कागदच नाही तो. प्रत्येक पायरीवरच्या माणसाला खालच्यापेक्षा आपण बरे असे वाटते, आणि म्हणून कोणीच सगळी उतरंड मोडायला निघत नाही. बाबासाहेबांनी याला काय म्हटले असते? श्रेणीबद्ध विषमता. ही उतरंड जन्मावर नाही, तिच्यातून वर चढता येते, हा जातीपेक्षा मोठा फरक आहे, तो मान्य. पण ती टिकून राहते ती त्याच युक्तीने.

कागद कोणावर उलटला?

कॅलिफोर्नियातल्या एका प्लास्टिक कारखान्यात एका कामगाराने युनियनच्या कामात भाग घेतला. मालकाने त्याला काढून टाकले. युनियन केली म्हणून कामावरून काढणे बेकायदा आहे. कामगार मंडळाने बुडालेली मजुरी द्या असा आदेश दिला. पण सुनावणीत उघड झाले की तो मूळचा मेक्सिकोचा होता आणि नोकरी लागताना त्याने दुसऱ्याचे कागद दाखवले होते. मार्च २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निर्णय दिला की याला बुडालेली मजुरी मिळणार नाही. कायदा मालकानेही मोडला होता आणि कामगारानेही. किंमत मोजली कामगाराने. त्या दिवसापासून प्रत्येक लबाड मालकाला कळले की संघटना करणाऱ्याच्या कागदात खोट शोधणे किती फायद्याचे आहे.

मे २००८ मध्ये आयोवा राज्यातल्या पोस्टव्हिल या गावी एका मांस कारखान्यावर धाड पडली. ३८९ कामगार पकडले गेले, बहुतेक ग्वाटेमालाचे, त्यातले बरेच माया आदिवासी. काही दिवसांत जवळपास ३०० जणांना खोट्या कागदांच्या गुन्ह्यात शिक्षा झाल्या आणि तुरुंगवास भोगून ते देशाबाहेर गेले. कारखान्याच्या प्रमुखाला पुढे शिक्षा झाली, ती बँकेची फसवणूक केल्याबद्दल. कागद नसलेले कामगार ठेवल्याचे त्याच्यावरचे आरोप त्यानंतर मागे घेतले गेले. बँकेच्या पैशाची दखल घेतली गेली, कामगाराच्या घामाची नाही.

'खोटे नाव' आणि बाबासाहेब

इथे आपल्यातले काही मित्र म्हणतील, "पण त्यांनी खोटे कागद दाखवले ना? मग भोगा."

थांबा. बाबासाहेबांच्या आत्मकथनपर लिखाणाचे शीर्षक आठवा : 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. व्हिसाची वाट पाहणे. हा व्हिसा परदेशाचा नव्हता, स्वतःच्याच देशात माणूस म्हणून वावरण्याचा होता. १९१७ मध्ये ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला गेले. जगातल्या नामांकित विद्यापीठांत शिकून आलेले. शिष्यवृत्तीच्या कराराप्रमाणे दहा वर्षे नोकरी करायला बांधलेले. म्हणजे कामाचा परवाना पक्का होता. महाराजांच्या सहीचा होता. पण राहायला जागा मिळेना. शेवटी ते एका पारशी धर्मशाळेत गेले. ती फक्त पारशांसाठी. तिथल्या रखवालदाराने वाट काढली : नोंदवहीत पारशी नाव लिहा. बाबासाहेबांनी लिहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात उभे राहिले आणि त्यांना बाहेर काढले. त्यांनी कमाठी बागेत बसून काही तास काढले आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली.

नोंदवहीतले ते नाव खोटे होते. पण खोटेपणा कोणाचा होता? नाव लिहिणाऱ्याचा, की खरे नाव लिहिले तर दार बंद करणाऱ्या समाजाचा? पोस्टव्हिलच्या आदिवासी मजुराकडे बोट दाखवण्याआधी आपल्या बापाने कोणत्या नोंदवहीत कोणते नाव लिहिले होते, ते आठवा. इथेही किती जणांनी भाड्याने खोली मिळावी म्हणून आडनाव बदलले, किंवा सांगायचेच टाळले?

आणि जात म्हणजे तरी काय होती? जन्माने चिकटलेला कामाचा परवाना. कोणी काय करायचे आणि काय करायचे नाही, याची नोंद. त्या नोंदीला मुदत संपण्याची तारीखच नव्हती, नूतनीकरणाचा अर्ज नव्हता, अपीलही नव्हते. महारवतन हा तिचा सरकारमान्य नमुना. वतनाच्या तुटपुंज्या तुकड्यापायी घरातल्या सगळ्यांनी रात्री-अपरात्री सरकारी आणि गावकीच्या कामाला धावायचे. १८७४ च्या वतन कायद्याने ते बांधून ठेवले होते. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात त्याविरुद्ध विधेयक मांडले. वतन कायद्याने संपायला १९५८ उजाडले. आणि गावचे दप्तर लिहायचे कोणी? कुलकर्ण्याने. ज्याचे काम, त्याच्या हातात लेखणी कधीच नव्हती. लढा नुसता मजुरीचा नव्हता. आपली नोंद कोण लिहितो, याचाही होता.

परदेशातही पाठलाग

मे २०२१ मध्ये न्यू जर्सीतल्या रॉबिन्सव्हिल इथल्या एका भव्य हिंदू मंदिराच्या बांधकामावर एफबीआयचे अधिकारी पोहोचले. त्याच दिवशी कामगारांच्या वतीने दावा दाखल झाला होता. दाव्यातले आरोप असे : भारतातून आणलेले हे कामगार बहुसंख्य दलित, त्यांना धार्मिक सेवकांच्या आर-१ व्हिसावर आणले आणि दगडकाम करून घेतले, मजुरी तासाला सुमारे सव्वा डॉलर पडत होती, पासपोर्ट काढून घेतले होते. संस्थेने हे सगळे आरोप नाकारले, आणि केंद्रीय फौजदारी तपास २०२५ मध्ये कोणावरही आरोप न ठेवता बंद झाला. न्यायालयाच्या बाहेर आपण निकाल लावू नये. पण एक प्रश्न विचारायला निकालाची गरज नाही : ज्या कामगाराचा देशात राहण्याचा हक्क, कामाचा हक्क आणि पोटाचा प्रश्न एकाच मालकाच्या एकाच कागदावर टांगलेला आहे, तो तक्रार करणार तरी कशी?

इंजिनिअरचे तरी वेगळे काय? २०२० मध्ये कॅलिफोर्निया राज्याने सिस्को कंपनीविरुद्ध जातिभेदाचा दावा लावला आणि अमेरिकेत जातीची उघड चर्चा सुरू झाली. २०२३ मध्ये दोन वरिष्ठ अधिकाऱ्यांवरचे आरोप मागे घेतले गेले. तरीही प्रश्न दडपता आला नाही. त्याच वर्षी सिॲटल शहराने जातिभेदाला बंदी केली, तर कॅलिफोर्नियाचे तसेच विधेयक राज्यपालांनी परत पाठवले. आता हिशेब करा. एच-१बी वर असलेल्या आपल्या मुलाने वरिष्ठाच्या जातिवादाविरुद्ध तोंड उघडले आणि नोकरी गेली, तर त्याच्याकडे जास्तीत जास्त ६० दिवस असतात. तेवढ्यात नवा मालक शोधायचा, नाहीतर व्हिसाचा दुसरा मार्ग काढायचा, नाहीतर चंबूगबाळे आवरायचे. आय-९ वर जातीचा रकाना नाही. पण जात सहन करायला लावणारी तारीख मात्र त्या दप्तरात असते.

मग काय करायचे?

एक बाजू म्हणते, हे सगळे एच.आर.चे काम आहे, आपण त्यात पडू नये. दुसरी बाजू म्हणते, सगळे कागद शोषणाचेच, फाडून टाका. मला दोन्ही मान्य नाहीत. १८९३ मध्ये चिनी मजुरांनी शौर्याने कागद नाकारला, पण कायदा बदलण्याची ताकद हातात नसल्याने हरले. बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली, आणि संविधान लिहिले. वाईट नोंद मोडायची आणि चांगली नोंद आपल्या हाताने लिहायची, ही दोन्ही कामे आंबेडकरी आहेत.

म्हणून परदेशी जाणाऱ्या प्रत्येकाला माझे सांगणे :

पहिले, आपल्या कागदांचे दप्तर आपणच ठेवा. पासपोर्ट, व्हिसा, कामाचे कार्ड, विद्यापीठाचा आय-२०, प्रत्येक अर्जाची पोचपावती, पगारपत्रके, सगळ्यांच्या प्रती स्वतःकडे आणि घरच्या एका विश्वासू माणसाकडे असू द्या. पासपोर्ट मालकाच्या ताब्यात कधीही देऊ नका. कोणी मागून घेतला आणि परत करत नसेल, तर त्याच दिवशी मदत शोधा.

दुसरे, प्रत्येक तारीख वहीत लिहा आणि सहा महिने आधीपासून हालचाल सुरू करा. नियम बदलतात. आधी अनेक गटांना नूतनीकरणाचा अर्ज वेळेत केला की जुन्या कार्डाची मुदत आपोआप वाढून मिळत होती. ३० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या बहुतेक अर्जांना ती सवलत राहिलेली नाही. जोडीदाराच्या व्हिसावर काम करणाऱ्या आपल्या भगिनींनी हे विशेष लक्षात ठेवावे.

तिसरे, मालकाची मर्यादा ओळखा. 'हेच कार्ड आण' असे तो म्हणू शकत नाही. यादीतला कोणता कागद द्यायचा हे तुम्ही ठरवायचे. दिसण्यावरून किंवा उच्चारावरून जास्तीचे कागद मागणे तिथल्या कायद्याने भेदभाव आहे, आणि त्यासाठी सरकारी तक्रारखाते आहे.

चौथे, एकटे राहू नका. अमेरिकेत आंबेडकरी संघटना आहेत. पोहोचल्यावर पहिल्या महिन्यात त्यांच्याशी संपर्क करा, अडचण आल्यावर नव्हे. आणि ज्याच्याकडे कागद नाही, त्या मेक्सिकन, ग्वाटेमालन कष्टकऱ्याला खालचा समजू नका. उतरंडीच्या तळाशी कोण असतो, ते आपल्याशिवाय कोणाला जास्त ठाऊक?

आता त्या यवतमाळच्या मुलाचे सांगतो. त्याचे काहीही चुकले नव्हते. विज्ञान-तंत्रज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षानंतर आणखी २४ महिन्यांचा परवाना मिळू शकतो. तो अर्ज वेळेत केला असेल, तर जुने कार्ड संपल्यावरही १८० दिवसांपर्यंत काम करता येते. जुने कार्ड आणि विद्यापीठाने शिफारस नोंदवलेला आय-२०, एवढे मालकाच्या नोंदीला पुरते. हे सरकारच्याच मालकांसाठीच्या मार्गदर्शिकेत लिहिलेले आहे. चूक कंपनीच्या दप्तराची होती. आम्ही दोघांनी मिळून ते पान शोधले, त्याने ते पाठवले. आठ दिवसांनी त्याला परत बोलावले. आठ दिवसांची मजुरी मात्र गेली.

परवा त्याचा पुन्हा फोन आला. त्याच्या विद्यापीठातल्या धाकट्या मुलांसाठी त्याने तारखांची एक यादी तयार केली आहे. कोणता अर्ज कधी, कोणता कागद कुठे. मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत. म्हणाला, "सर, आता हे दप्तर आपण लिहायचं."

जय भीम! जय संविधान!